दोन हप्त्यांत गेमिंग कॉम्प्युटर

‘आय-सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, लायटिंगचं कॅबिनेट, सगळं मिळून वीस हजारांच्या आत!’ अशी जाहिरात मोबाइलवर पाहिली नाही असा गेमवेडा पोरगा माळशिरस तालुक्यात सापडणं अवघड आहे. घरातून कसेबसे पैसे मंजूर करून घेतलेले असतात, वडिलांचा धीर कधी सुटेल सांगता येत नाही, आणि जाहिरातीतला प्रत्येक शब्द खरा असतो. खरा असूनही फसवा असतो, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

‘आय-सेव्हन’ म्हणजे कुठला, हे जाहिरातीत कधीच लिहिलेलं नसतं. पेटी उघडून पाहिली तर बहुतेक वेळा आत आय-सेव्हन २६०० किंवा ३७७० निघतो. पहिला २०११ सालचा, दुसरा २०१२ चा. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या मशिनींचे हे प्रोसेसर नव्या, स्वस्त बोर्डावर बसवून विकले जातात. ‘चार जीबी ग्राफिक्स’ म्हणजे बहुधा जीटी ७३०. हे कार्ड २०१४ चं, आणि तेव्हाही ते गेमसाठी नव्हतं, स्क्रीनवर चित्र दिसावं एवढ्यापुरतं होतं. मेमरी चार जीबी असली म्हणून कार्डाला ताकद येत नाही. २०२२ चा साधा आय-थ्री १२१०० त्या आय-सेव्हनला सहज मागं टाकतो. दोघांचे कोअर चारच, थ्रेडही आठच, पण मधल्या दहा वर्षांत एकेक कोअर किती तरी वेगवान झाला आहे.

शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचं तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय तो उघडतच नाही. म्हणजे जुन्या आय-सेव्हनवर काही युक्त्या करून विंडोज ११ चढवलं, तरी ज्या गेमसाठी एवढा आटापिटा केला तोच दारात अडवतो. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न एकच विचारा: प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? नंबर सांगायला टाळाटाळ झाली तर चहा घ्या आणि निघा.

आता पैशांचं. आपल्या भागात घरात मोठी रक्कम येते ती ऊसबिलाची, आणि तीही एकदम येत नाही. पहिली उचल येते, मग पुढचं बिल. कॉम्प्युटरही तसाच दोन हप्त्यांत बांधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच वेळी सगळं बसवायला गेलं की प्रत्येक भाग हलक्यातला घ्यावा लागतो, आणि वर्षभरात तो प्रत्येक भाग बदलायची वेळ येते. पहिल्या हप्त्यात अशी मशीन उभी करायची जी ग्राफिक्स कार्डाशिवाय चालेल, रोजचे गेम खेळवेल आणि घरातल्या इतरांच्याही उपयोगी पडेल. ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या हप्त्यात. तोवर पहिल्या हप्त्यातलं काहीही फेकावं लागू नये, हीच या नियोजनाची कसोटी.

यासाठी प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स असावं लागतं. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ सालचा प्रोसेसर या कामाला अजूनही पुरतो. सहा कोअर, बारा थ्रेड आणि आत वेगा ग्राफिक्स. २०२४ मध्ये आलेला ५६००जीटी त्याचाच थोडा वेगवान भाऊ. दोघांत जो स्वस्त मिळेल तो घ्या. शेवटचं अक्षर मात्र नीट पाहा. नुसता ५६०० किंवा ५५०० घेतला तर त्यात ग्राफिक्स नाही, आणि कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळी राहील. इंटेलमध्ये नंबरच्या शेवटी ‘एफ’ असेल तर तीच गत. ५६००जी वर व्हॅलोरंट कमी सेटिंगला शंभरावर फ्रेम देतो, काउंटर-स्ट्राइक २ खेळता येतो, आणि जीटीए ५ (पीसीवर तो २०१५ मध्ये आला) साध्या सेटिंगला छान चालतो. सायबरपंक किंवा रेड डेड रिडेम्पशन २ ची अपेक्षा मात्र पहिल्या हप्त्यात ठेवू नका.

हा प्रोसेसर स्वतःची वेगळी ग्राफिक्स मेमरी बाळगत नाही, तो रॅममधलाच हिस्सा वापरतो. म्हणून इथं रॅमला नेहमीपेक्षा जास्त महत्त्व आहे. सोळा जीबीची एक स्टिक घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो, एकीवर फ्रेम चांगल्याच घसरतात. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी भरायची. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाची सोय चालू करायची, नाहीतर ३२०० ची म्हणून पैसे मोजलेली रॅम गुपचूप २४०० किंवा २६६६ वर चालत राहते. ही सेटिंग न करताच मशीन हातात देणारे दुकानदार कमी नाहीत.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून बरेच चढले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या कारखान्यांचा माल आधीच उचलल्याचा हा परिणाम. क्रुशियल या नावानं ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणाऱ्या मायक्रॉन कंपनीनं तर डिसेंबर २०२५ मध्ये तो धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी रॅम सेकंडहँड घ्यायला मी कचरणार नाही. रॅममध्ये झिजणारं असं काही नसतं. मेमटेस्ट ८६ हे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवायचं. एकही चूक दाखवली नाही तर रॅम ठीक. दाखवली तर परत, एवढं बोलून ठेवूनच पैसे द्यायचे.

मदरबोर्ड बी५५० किंवा ए५२० चा. त्यावर एचडीएमआयचं पोर्ट आणि एनव्हीएमई एसएसडीची जागा आहे का, एवढं तपासा. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचा बायोस ५६००जी ओळखतो का, हे दुकानातच चालू करून दाखवायला सांगा. एसएसडी पाचशे जीबीची एनव्हीएमई. एकट्या जीटीए ५ ला शंभराच्या आसपास जीबी लागतात, त्यामुळं जागा लवकर भरते. पण भरली की एक गेम काढून दुसरा टाकायचा. घरात फायबर आलं असेल तर ते अवघड नाही. हार्ड डिस्क सध्या नको.

भाव आठवड्याला हलतात, म्हणून इथं आकडे देत नाही. पण वाटणीचा अंदाज देतो. प्रोसेसर आणि बोर्ड मिळून पहिल्या हप्त्याच्या निम्म्याच्या आत बसवा आणि एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, किमान दहावा हिस्सा द्या. बहुतेक जण नेमके हेच पैसे वाचवायला जातात. कॅबिनेटवरच्या लाइट बघायला मित्र येतात, एसएमपीएस बघायला कोणी येत नाही.

एसएमपीएसबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या विजेशी पहिली गाठ त्याचीच पडते. स्वस्तातल्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. ते सोडा, खाली बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. त्यात ‘+१२ व्होल्ट’च्या रकान्यात किती अँपिअर दिलेत ते पाहा आणि बारानं गुणा. सोळा अँपिअर असतील तर गुणाकार १९२ वॅट येतो, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाला लागणारी जवळजवळ सगळी वीज याच बाराच्या लाइनवरून जाते. म्हणजे ४५० चा डबा कामाला दोनशेचाही नाही. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्का असलेला घ्या. आज एवढा लागत नाही, पण दुसऱ्या हप्त्यातलं कार्ड त्यावरच चालायचं आहे. कार्डासाठी सहा अधिक दोन पिनांची वायर त्याला आहे का, हेही पाहून घ्या. पाठीमागं ११५/२३० असा लाल खटका असलेला डबा शक्यतो टाळा. घेतलाच तर तो खटका चुकूनही ११५ वर करू नका, डबा त्याच क्षणी जळतो.

विजेची आणखी दोन कामं. पहिलं अर्थिंग. वस्तीवरच्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागं वायर असतेच असं नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळं. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. फेज आणि अर्थिंग यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात जेमतेम एक-दोन. तसं दिसलं नाही तर वायरमनला बोलावून कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. ज्यांना मल्टिमीटर हाताळायची सवय नाही त्यांनी सॉकेटात टोकं घालण्याचा प्रयोग करू नये, तेही वायरमनकडूनच करून घ्यावं. दुसरं काम व्होल्टेजचं. एकाच डीपीवर शेतातल्या मोटारी असतील तर थ्री फेज आली की व्होल्टेज खाली जातं, मोटारी एकदम बंद झाल्या की उसळी मारतं. रात्री आणि मोटारी चालू असताना, अशा दोन्ही वेळी मोजून घ्या. चढउतार फार असेल तर स्टॅबिलायझर आणि यूपीएस दोन्ही लागतील.

यूपीएस खेळत राहण्यासाठी नसतो, गेम बंद करून मशीन नीट उतरवायला मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांसाठी असतो. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे का ते पाहा. स्क्वेअर वेव्ह असेल तर चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुरतात, कधी लाइट जाताच बंद पडतात. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या पाठीवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा खटका असतो, तो यूपीएसकडे ठेवा. आणि मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं, विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही.

कॅबिनेट निवडताना पुढची बाजू जाळीची असावी, काचेची नसावी. उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. काचेच्या तोंडाच्या कॅबिनेटात आतला पंखा आतलीच गरम हवा ढवळत बसतो. पुढं एक पंखा हवा आत घेणारा, मागं एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. गळीत हंगामात कारखान्याच्या आसपासच्या गावांत गच्चीवर काळी राख पडते, ती जाळीच्या फिल्टरवरही बसते. महिन्यातून एकदा फिल्टर काढून धुवा. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या पट्ट्या मात्र तोडून ठेवू नका. तिथून पाल आत शिरते, आणि बोर्डावर मेलेली पाल काढायची वेळ कोणावर येऊ नये.

खरेदी कुठं करायची? बारामती, पंढरपूर आणि अकलूजला दुकानं आहेत, पुणं दीडशे किलोमीटरवर आहे, आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड हा या मालाचा जुना बाजार. माझा सल्ला असा: एसएमपीएस, बोर्ड आणि प्रोसेसर जिथं बिघडल्यावर पुन्हा जाता येईल अशा ठिकाणाहून घ्या, बाकीचं ऑनलाइन. दुकानातून घ्याल त्या प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. ‘बिलाशिवाय अठरा टक्के वाचतात’ असं कोणी म्हणालं तर तीन वर्षांची वॉरंटीही त्या अठरा टक्क्यांबरोबर जाते, हे लक्षात ठेवा. ऑनलाइन पार्सल फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून सलग व्हिडिओ काढा. आषाढात पालख्या तालुक्यात असताना मात्र काही मागवू नका. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मुक्कामांच्या दिवसांत रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, पार्सल कुठं अडकेल सांगता येत नाही. आणि तेवढे दिवस कॉम्प्युटर थांबू शकतो.

जोडणी स्वतः करायला घाबरू नका. एक स्टार स्क्रू-ड्रायव्हर, चांगला उजेड आणि घाई नसलेली दुपार लागते. सुरुवातीला कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. सॉकेटची दांडी उचला, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि सोडा. तो आपल्या वजनानं बसतो. दाबावं लागलं तर काहीतरी चुकतंय. या प्रोसेसरच्या पिना खालच्या अंगाला असतात आणि एक जरी वाकली तरी रडायची वेळ येते.

सोबत मिळणारा कूलर बसवताना नवखे अडतात. तो चार स्क्रूंवर बसतो, म्हणून बोर्डावर आधीच असलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढल्या की बोर्डामागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते. तिला एका हातानं मागून धरा आणि स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळत जा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. कूलरच्या तळाला राखाडी पेस्ट लावलेली असते, तिला बोट लावायचं नाही, वर दुसरी थापायची नाही.

रॅम आणि एसएसडी लावून, एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर जोडून, कॅबिनेटात घालण्याआधीच मशीन चालू करून पाहा. बोर्डावरच्या ‘पॉवर’च्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडल्या की ती सुरू होते. चित्र आलं नाही तर आधी ८ पिनांची वायर पाहा, मग रॅम काढून ‘टक्’ आवाज येईपर्यंत पुन्हा दाबा. दहात आठ वेळा दोष इथंच असतो. चित्र आलं की वीज बंद करून सगळं कॅबिनेटात. पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांशी जुळतात का ते पाहा. एखादी जास्तीची खुंटी बोर्डाखाली राहिली तर शॉर्ट होतो.

मॉनिटर लगेच घ्यायलाच हवा असं नाही. घरच्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर काही महिने त्यावर काढा, टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. फक्त मालिकांच्या वेळा आधी आईशी ठरवून घ्या. विंडोज अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. परवाना नंतर घेता येतो, तोवर कोपऱ्यात सूचना दिसते एवढंच. फुकटात ॲक्टिव्हेट करून देणाऱ्या फाइली आणि क्रॅक केलेले गेम यांच्यातून पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअरं येतात, आणि त्याच मशीनवर वडिलांचं नेट बँकिंग उघडलेलं असतं. एपिकच्या दुकानात दर आठवड्याला एखादा गेम अधिकृतपणे फुकट मिळतो, स्टीमवर किमती रुपयांत असतात आणि यूपीआय चालतं. एवढं असताना चोरीचं काय अडलंय?

आता दुसरा हप्ता. आरएक्स ६६०० सारखं आठ जीबीचं कार्ड या मशीनला शोभतं. ते १३२ वॅट ओढतं, तुमचा साडेपाचशेचा डबा त्याला हसत सांभाळतो. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसलं तरी या प्रोसेसरसोबत घेऊ नका. ते बोर्डाशी चारच लेननी बोलतं, ५६००जी मध्ये त्या लेन जुन्या, तिसऱ्या पिढीच्या आहेत, त्यामुळं कार्ड अडखळतं. सेकंडहँडमध्ये आरएक्स ५८० भरपूर दिसतील. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग संपलं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली ही कार्डं बाजारात आली. घ्यायचंच असेल तर जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये शेडर २३०४ दिसतात का पाहा. २०४८ दिसले तर ते कमी ताकदीचं कार्ड ५८० म्हणून तुमच्या गळ्यात मारलं जातंय. विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालवा. त्याला घाई असेल तर तुम्हाला नसावी.

कार्ड बसवलं, ८ पिनांची वायर लावली, की मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लावा. ‘नवं कार्ड घेतलं पण फ्रेम वाढल्याच नाहीत’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासायचं असतं.